धाकट्या दिरांना व्हेंटिलेटर लावायचा म्हणतायत, सही करू का?

वारणाकाठ | १२ ऑगस्ट, रात्री ९:१०

आयसीयूबाहेरच्या बाकावरून लिहितेय, चुका सांभाळून घ्या.

धाकटे दीर, वय ४४. आठ दिवसांपूर्वी ताप, अंगदुखी, खोकला. गावातल्या डॉक्टरांनी दोन दिवस इंजेक्शनं दिली. पाचव्या दिवशी जिना चढताना धाप लागली, बोटाला यंत्र लावलं तर ऑक्सिजन ८१ टक्के. लगेच शहरात आणलं. स्वाइन फ्लूचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. तीन दिवस मास्कवाला बायपॅप (मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन) लावलाय. आज संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, शंभर टक्के ऑक्सिजन देऊनही रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब ५८च आहे, मिनिटाला ४२ श्वास चाललेत, माणूस दमत चाललाय, आता नळी टाकावी लागेल.

सासूबाई ऐकायला तयार नाहीत. "व्हेंटिलेटरवर गेलेला परत येत नाही, माझ्या लेकराला मशीनला जुंपू नका," एवढंच म्हणतायत. २०२१ मध्ये आमच्या भावकीतले तिघे व्हेंटिलेटरवरच गेले, त्यामुळे त्यांना मी काय उत्तर देणार? जाऊबाई नुसत्या बसून आहेत. आमचे हे पुराच्या पाण्यामुळे पलीकडे अडकलेत. कागद माझ्या हातात आहे.

कुणी डॉक्टर असतील तर कृपा करून सांगा. अजून एक दिवस थांबलो तर चालेल का?

---

रात्रपाळी | १२ ऑगस्ट, रात्री ९:२२

ताई, मी आयसीयूत सिस्टर आहे, पुण्यात. ड्यूटीवर निघालेय म्हणून थोडक्यात सांगते. ४२ श्वास आणि शंभर टक्क्यांवर ५८, म्हणजे थांबायला जागा राहिलेली नाही. निर्णय तिथल्या डॉक्टरांचाच, पण "उद्या बघू" म्हणू नका. रात्री तीन वाजता धावपळीत नळी टाकण्यापेक्षा आत्ता सगळी तयारी असताना टाकलेली कधीही बरी.

---

भूलतज्ज्ञ_सातारा | १२ ऑगस्ट, रात्री ९:४१

रात्रपाळी सिस्टरांशी पूर्ण सहमत. मी तुमच्या पेशंटला तपासलेलं नाही, त्यामुळे शेवटचा शब्द समोरच्या डॉक्टरांचा. पण सही करताना मनात काय असावं, ते सांगतो.

व्हेंटिलेटर फुप्फुस बरं करत नाही. विषाणूने झालेली सूज शरीर स्वतः ओसरवतं, त्याला दिवस लागतात. तेवढे दिवस माणूस जिवंत राहावा, एवढंच मशीनचं काम. भावोजी आत्ता मिनिटाला ४२ वेळा छाती ओढतायत. छातीचे आणि पोटाचे स्नायू इतक्या जोरात चालले की रक्तातला बराचसा ऑक्सिजन तेच खातात. शिवाय आजारी फुप्फुस आतून इतक्या जोराने ताणलं गेलं की त्याला आणखी इजा होते. म्हणजे नळी न टाकणं हाही एक निर्णयच आहे आणि त्यालाही धोका आहे.

नळी टाकताना आधी झोपेचं औषध देतात, मग स्नायू सैल करणारं. घशात दिवा लावून स्वरतंतूंच्या मधून नळी सरकवतात आणि तिच्या टोकाशी असलेला छोटा फुगा फुगवून बसवतात. सगळं नीट झालं तर मिनिटभराचं काम. त्या मिनिटात सॅचुरेशन घसरू शकतं, बीपी पडू शकतं. हे लपवत नाही. म्हणूनच पेशंटच्या अंगात थोडी ताकद शिल्लक असताना करायचं.

सासूबाईंना सांगा, मशीनला जुंपत नाही आहोत, दमलेल्याच्या खांद्यावरचं ओझं काही दिवस उतरवून घेतोय.

आणि ताई, जाऊबाईंना सोबत घ्या. कागद तुमच्या हातात असला तरी नवरा त्यांचा आहे. शुद्धीत असतील तर भावोजींनाही विचारायला सांगा. ते मान हलवू शकतात.

---

वारणाकाठ | १२ ऑगस्ट, रात्री १०:३५

विचारलं. त्यांनी जाऊबाईंचा हात दाबला आणि मान हलवली. दोघींनी सही केली. आत घेतलंय.

---

सोलापूरकर | १२ ऑगस्ट, रात्री ११:५०

वहिनी, हे मी कधी कुठे लिहिलेलं नाही.

एप्रिल २०२१. वडील, वय ६३. दवाखान्यातून फोन आला, नळी टाकायची आहे, संमती द्या. आत सोडत नव्हते. मी पार्किंगमध्ये उभं राहून फोनवर "हो" म्हणालो. नवव्या दिवशी ते गेले. पुढे तीन वर्षं मी एकच हिशेब मांडत होतो, मी हो म्हणालो म्हणून गेले. आईशी नजर मिळवता यायची नाही.

शेवटी ओळखीतल्या एका डॉक्टरांसमोर सगळे कागद ठेवले. त्यांनी त्या संध्याकाळचा एबीजी, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचा रिपोर्ट, दाखवून सांगितलं, "नळी टाकली नसती तर ती रात्रसुद्धा निघाली नसती. त्या सहीने तू त्यांना नऊ दिवस दिलेस, मारलं नाहीस."

उद्या काहीही होवो, सहीचं ओझं डोक्यावर घेऊ नका. जाऊबाईंनाही हे वाचून दाखवा.

---

रोखठोक | १३ ऑगस्ट, सकाळी ८:०५

ताईंच्या पेशंटला आराम पडो, ही मनापासून इच्छा. पण सासूबाई बोलल्या ते उगाच नाही. करोनाच्या वेळी व्हेंटिलेटरवरचे ९० टक्के लोक दगावले, ही बातमी सगळ्यांनी वाचली आहे. माझ्या मामांच्या वेळी रोजचं बिल कळत नव्हतं, आत सोडत नव्हते, आणि सहाव्या दिवशी एकदम "गेले" म्हणून सांगितलं. आदल्या दिवशीच गेले होते का, हा संशय आजही घरात आहे. डॉक्टरांनी याचंही उत्तर द्यावं.

---

भूलतज्ज्ञ_सातारा | १३ ऑगस्ट, दुपारी २:२०

रोखठोक, प्रश्न रास्त आहेत, एकेक घेतो.

९० टक्क्यांचा आकडा. एप्रिल २०२० मध्ये न्यूयॉर्क भागातल्या ५,७०० रुग्णांचा अहवाल आला. व्हेंटिलेटरवरचे ८८ टक्के दगावले, अशी बातमी जगभर झाली. प्रत्यक्षात व्हेंटिलेटरवर ठेवलेले होते १,१५१. अहवाल लिहिला गेला तेव्हा त्यांपैकी २८२ गेलेले, ३८ घरी गेलेले आणि ८३१ अजून दवाखान्यातच. ८८ टक्के हा हिशेब फक्त पहिल्या दोन गटांचा. लवकर जाणारे लवकर मोजले जातात, बरे व्हायला मात्र तीन-चार आठवडे लागतात. पुढे दुरुस्ती छापली गेली, पण ती सासूबाईंपर्यंत कशी पोहोचणार? पहिली बातमी मात्र पोहोचली. २०२१ मध्ये आपल्याकडे अनेक ठिकाणी मृत्यू फार झाले हेही खरं. खाटा नाहीत, ऑक्सिजन अपुरा, एका सिस्टरकडे नको तितके पेशंट. मशीन तेच होतं, पण मशीनपाशी माणूस नव्हता.

दुसरा संशय. हृदय थांबल्यावर व्हेंटिलेटर छाती हलवत राहू शकतो, पण शरीर थंड पडतं, ताठरतं, रंग बदलतो. दिवसभर ते लपत नाही. मात्र नातेवाइकांना दिवसातून एकदाही नीट माहिती न देणं, बिलाचा अंदाज न सांगणं, ही चूकच. त्यातूनच हा संशय उगवतो. तुमच्या मामांच्या बाबतीत माहिती द्यायला हवी होती. झाल्याचं मला वाईट वाटतं.

वारणाकाठ ताई, रोज भेटीच्या वेळी चारच गोष्टी विचारा आणि वहीत लिहा. ऑक्सिजन किती टक्के लागतोय. पीप किती आहे. बीपी पडू नये म्हणून देतात ते औषध चालू आहे का, वाढलं की कमी झालं. लघवी किती झाली. एका दिवसाचा आकडा काही सांगत नाही, चार दिवसांचे एकाखाली एक लिहिलेत की दिशा दिसते.

पीप म्हणजे काय, तेही सांगतो. सुजलेल्या फुप्फुसातले वायुकोश ओल्या प्लॅस्टिकच्या पिशवीसारखे आतून चिकटतात. फुगा फुगवताना पहिली फुंकर सगळ्यात जड असते ना, तसंच इथे. प्रत्येक श्वासाला तो पूर्ण मिटला तर प्रत्येक वेळी पहिली फुंकर. म्हणून श्वास सोडल्यावरही थोडा दाब आत राखून ठेवतात, कोश उघडे राहावेत म्हणून. तोच पीप.

---

वारणाकाठ | १३ ऑगस्ट, रात्री ८:४५

वही केली. ऑक्सिजन १०० टक्के, पीप १४, बीपीचं औषध चालू, लघवी ठीक. डॉक्टर म्हणाले "श्वास ३७० वर ठेवलाय". भावोजी ९२ किलोचे गडी. एवढ्याशा हवेने भागेल का? आणि आज त्यांना पालथं झोपवलंय म्हणे. जाऊबाई ते ऐकून फार घाबरल्यात.

---

भूलतज्ज्ञ_सातारा | १३ ऑगस्ट, रात्री १०:१५

३७० ऐकून मला उलट बरं वाटलं. त्यांची उंची साधारण १६५ सेंटिमीटर असेल ना? फुप्फुसाचा आकार उंचीवर ठरतो, वजनावर नाही. माणूस जाडा झाला म्हणून फुप्फुस वाढत नाही. पुरुषासाठी उंचीतून १५२.४ वजा करायचे, उरलेल्याला ०.९१ ने गुणायचं, त्यात ५० मिळवायचे. १६५ ला साडेएकसष्ट किलो येतात, हे उंचीवरून धरलेलं वजन. त्याला एका श्वासात किलोमागे ६ मिली हवा म्हणजे ३७०. ९२ ने गुणलं असतं तर साडेपाचशे झाले असते आणि ते घातक ठरलं असतं.

हे ज्ञान फार जुनं नाही. पूर्वी आम्हीच किलोमागे १०-१२ मिली द्यायचो, एबीजी छान दिसायचा. २००० साली अमेरिकेतल्या ८६१ रुग्णांचा अभ्यास आला. ६ मिलीच्या गटात ३१ टक्के दगावले, १२ मिलीच्या गटात जवळपास ४०. रिपोर्ट सुंदर दिसत होता आणि फुप्फुस आतून फाटत होतं. कारण अशा आजारात हवा घेणारा भाग उरतो लहान मुलाच्या फुप्फुसाएवढा, बाकी सगळं पाण्याने भरलेलं. त्या लहानशा भागात मोठ्या माणसाचा श्वास कोंबायचा नाही.

मी भूलशास्त्राकडे वळलो ते एका हकिकतीमुळे. १९५२, डेन्मार्कमधलं कोपनहेगन, पोलिओची साथ. श्वासाचे स्नायू लुळे पडलेली मुलं रोज दाखल होत होती. रुग्णालयात लोखंडी फुप्फुसाचं, म्हणजे पेशंटला आत ठेवून श्वास देणाऱ्या पेटीचं, मोठं यंत्र एकच. सुरुवातीच्या ३१ रुग्णांपैकी २७ गेले. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाला बोलावलं. त्याच्या सांगण्यावरून १२ वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छेद देऊन नळी घातली आणि त्याने हाताने पिशवी दाबत श्वास दिला. ती वाचली. मग शेकडो विद्यार्थी, एकूण सुमारे १,५००, पाळ्या लावून खाटेशी बसले आणि रात्रंदिवस पिशव्या दाबत राहिले. एके काळी ७० रुग्ण एकाच वेळी असे हातांवर जगत होते. आजचं आयसीयू तिथून सुरू झालं. हाताने दाबायच्या ज्या पिशवीला आपण अंबू बॅग म्हणतो, तीही चार वर्षांनी डेन्मार्कमध्येच तयार झाली.

पण त्या मुलांची फुप्फुसं चांगली होती, बिघडले होते स्नायू. हवा आत ढकलली की काम होत होतं. फ्लू आणि करोनात उलटं आहे, स्नायू शाबूत, बिघडलंय फुप्फुसच. म्हणून नुसतं ढकलून चालत नाही, किती हळू ढकलायचं हीच सगळी विद्या.

---

रात्रपाळी | १४ ऑगस्ट, सकाळी ९:३०

पालथं झोपवण्याचं मी सांगते, ते आमच्या हातचं काम.

झोपून राहिलेल्या माणसाच्या पाठीकडचं फुप्फुस दबतं, आणि तिकडेच फुप्फुसाचा मोठा भाग असतो. पालथं केलं की तो मोकळा होतो. २०१३ साली फ्रान्समधल्या अभ्यासात ४६६ अत्यवस्थ पेशंट होते. रोज सलग सोळा-सतरा तास पालथं ठेवलेल्या गटात महिन्याभरात १६ टक्के गेले, उताण्या गटात जवळजवळ ३३. यात कुठलं नवं औषध नाही, नवं मशीन नाही. फक्त माणसं लागतात.

आम्ही पाच-सहा जण लागतो. एक जण फक्त डोकं आणि नळी धरतो आणि तोच आकडे म्हणतो, एक, दोन, तीन. बाकीचे चादरीच्या गुंडाळीने एका बाजूला सरकवून वळवतात. छातीखाली उशी, कमरेखाली उशी, पोट मोकळं. डोळ्यांत मलम घालून पट्टी. मॉनिटरचे चिकट तुकडे पाठीवर. दर दोन तासांनी तोंडाची बाजू बदलायची, हात बदलायचा.

जाऊबाईंना आधीच सांगून ठेवा, उताणं केल्यावर तोंड सुजलेलं दिसेल, पापण्या फुगलेल्या, गालावर वळ. ते मारल्याचे नसतात. दोन दिवसांत उतरतात. मनगट मऊ पट्टीने बांधलेलं दिसेल, अर्धवट जागेपणी नळी उपसू नये म्हणून. हे न सांगता नातेवाइकांना आत सोडलं की त्यांच्या काळजाचं पाणी होतं. मी पाहिलंय.

आणि चष्मा, ऐकू येण्याचं यंत्र असेल तर आणून द्या. डावखुरे असतील तर सांगा.

---

वारणाकाठ | १४ ऑगस्ट, दुपारी १:१०

डावखुरे आहेत! कुणालाच सांगितलं नव्हतं. आत्ता सांगून आले.

---

लेस्टरवासी | १५ ऑगस्ट, पहाटे ३:१५

इथे वॉर्डात काम करतो. एक्मोची सोय जवळपास आहे का, ते विचारून ठेवलंय का? रक्त बाहेर काढून ऑक्सिजन देऊन परत सोडणारं यंत्र.

---

भूलतज्ज्ञ_सातारा | १५ ऑगस्ट, सकाळी ७:००

पालथं करूनही ऑक्सिजन सुधारला नाही तर विषय निघू शकतो. पण मोजक्याच केंद्रांत सोय आहे, खर्च लाखांत, आणि अत्यवस्थ पेशंटला हलवणं हाच मोठा धोका. २०१८ च्या मोठ्या अभ्यासात मृत्यू ४६ वरून ३५ टक्क्यांवर दिसले, तरी तो फरक ठामपणे सिद्ध झाला नाही. ताई, जमीन विकायचा विचार कुणी घरात काढला असेल तर आधी तिथल्या डॉक्टरांशी सविस्तर बोला. आणि रुग्णालय महात्मा फुले योजनेत असेल तर तिथल्या आरोग्यमित्राला आजच गाठा. पेशंट घरी गेल्यावर त्याचा उपयोग नाही.

आणखी एक. करोनात स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरचे पेशंट वाचले म्हणून फ्लूतही द्या, असा आग्रह नातेवाईक धरतात. धरू नका. फ्लूच्या न्यूमोनियात त्याचा तसा फायदा सिद्ध नाही, उलट नुकसानाची शंका आहे.

---

वारणाकाठ | १६ ऑगस्ट, रात्री ९:२०

वहीतलं देते. ऑक्सिजन १००, ९०, ७०, आज ६०. पीप १२. बीपीचं औषध निम्म्यावर. तीनदा पालथं केलं.

तोंड सुजलेलं पाहून सासूबाई हादरल्या, पण म्हणाल्या, "त्या पुण्याच्या सिस्टर म्हणाल्या होत्या ना, उतरतं." रात्रपाळी ताई, हे तुमच्यासाठी.

---

वारणाकाठ | १८ ऑगस्ट, सकाळी ६:४०

रात्री दोनला बोलावलं. फुप्फुसाला भोक पडून हवा छातीत शिरली. बरगडीतून नळी घातली, बाटलीत बुडबुडे येतायत. ऑक्सिजन पुन्हा ९०. काही सुचत नाही.

---

भूलतज्ज्ञ_सातारा | १८ ऑगस्ट, सकाळी ७:२५

ताई, हा मोठा धक्का आहे, पण ओळखला गेला आणि नळी पडली. काळजी घेऊनही हे होतं. बुडबुडे येतायत म्हणजे हवा बाहेर पडायला वाट आहे. आता दोन-तीन दिवस आकडे पुढे-मागे होतील. वही चालू ठेवा.

---

सोलापूरकर | १८ ऑगस्ट, सकाळी ७:४०

वहिनी, रात्री जेवलात का? जाऊबाईंना काही खाऊ घाला. मी त्या शहरात उद्या कामाला येतोय. डबा लागत असेल तर निरोप टाका.

---

रोखठोक | २० ऑगस्ट, रात्री ८:००

रोज हा धागा उघडून बघतोय. एक विचारायचं आहे, ताईंसाठी नाही, एकूणच. एकदा लावला की काढता येत नाही, असं म्हणतात. समजा आशा उरलीच नाही तर?

---

भूलतज्ज्ञ_सातारा | २० ऑगस्ट, रात्री १०:३०

काढता येतो. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. रुग्णालयातल्या डॉक्टरांचं एक मंडळ बघतं, दुसरं मंडळ त्याची खात्री करतं, घरच्यांची संमती घेतात. पेशंटला तडफडत सोडत नाहीत, वेदना आणि धाप जाणवू नये याची औषधं चालूच राहतात. बरेच डॉक्टर अजूनही हे बोलायला कचरतात, म्हणून विचारायचं तुम्ही.

---

वारणाकाठ | २४ ऑगस्ट, रात्री ९:००

ऑक्सिजन ४५. पीप ८. बुडबुडे थांबले. काल गळ्याला छेद देऊन तिथून नळी घातली, तोंडातली काढली. सासूबाई पुन्हा बिथरल्या होत्या, पण त्या कोपनहेगनच्या मुलीची गोष्ट मी त्यांना सांगितली. "ती पोरगी वाचली का?" दोनदा विचारलं. वाचली म्हटल्यावर गप्प बसल्या.

झोपेचं औषध कमी केलंय. डोळे उघडतात, पण ओळखत नाहीत. भिंतीवर माणसं दिसतात म्हणून घाबरतात.

---

पुन्हा_श्वास | २४ ऑगस्ट, रात्री ११:१०

मी २०२० मध्ये बावीस दिवस व्हेंटिलेटरवर होतो. मलाही छतावर मुंग्यांच्या रांगा दिसायच्या आणि सिस्टर मला विष देतायत असं पक्कं वाटायचं. ते वेड नव्हे, जातं. मला कामाला आलं ते एकच. बायको रोज यायची आणि तेच म्हणायची, "आज अमुक वार आहे, तू दवाखान्यात आहेस, मुलं घरी आहेत." घड्याळ दिसेल असं ठेवा. प्रश्न विचारू नका, सांगत राहा. उत्तर देता येत नाही याचा फार त्रास होतो.

पाटी-पेन्सिल द्या. पाटी डाव्या हाताला धरा.

---

वारणाकाठ | २७ ऑगस्ट, संध्याकाळी ६:३०

आज पाटीवर लिहिलं. अक्षर लागत नव्हतं, जाऊबाईंनी ओळखलं. "मळी?"

दाखल केलं तेव्हा वारणेचं पाणी चढत होतं. नदीकडेची मळीची जमीन त्यांनीच केलेली, ऊस उभा होता. पाणी शिरून चार दिवस राहिलं हे आम्ही सांगितलं नाही. जाऊबाई म्हणाल्या, "उतरलं पाणी." ते खरंच आहे.

---

श्वासफिजिओ | २८ ऑगस्ट, दुपारी ३:००

आता आमचं काम सुरू. मशीनवरून रोज थोडा वेळ उतरवतील, आधी अर्धा तास, मग दोन, मग दिवसभर. एखाद्या दिवशी जमलं नाही तर मागे गेलो असं समजू नका. हातापायांतली ताकद फार गेलेली असेल, कप उचलायलाही जड जाईल. खाटेच्या कडेला पाय सोडून बसवणं हा पहिला टप्पा. घरचं माणूस समोर असलं की पेशंट जास्त वेळ बसतो, हा माझा रोजचा अनुभव.

---

वारणाकाठ | ६ सप्टेंबर, रात्री ८:१५

चार दिवस मशीनशिवाय आहेत. आज गळ्यातली नळी काढली. भोकावर गॉज लावलाय. पण बोलायला गेले की तिथून फस्सकन हवा जाते, शब्द उमटत नाही. भोक शिवायचं राहिलंय का?

---

श्वासफिजिओ | ६ सप्टेंबर, रात्री ८:४०

शिवत नाहीत, बहुधा एक-दोन आठवड्यांत आपोआप मिटतं. तोवर बोलताना आणि खोकताना गॉजवर स्वच्छ बोटाने हलकं दाबायचं. हात धुऊनच. त्यांचा हात वर जात नसेल तर घरच्यांनी धरलं तरी चालेल.

---

वारणाकाठ | ७ सप्टेंबर, सकाळी ११:२०

सासूबाईंनी हात धुऊन बोट धरलं. पहिल्या वेळी खोकलाच आला. दुसऱ्या वेळी घोगरा, बारीक आवाज आला, पण सगळ्यांना ऐकू गेला. "आई, ऊस किती राहिला?"

आता त्यांना खरं सांगितलं.